वस्तीचा सुधार आणि रहिवाशाचा शब्द

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, जेथे बंदरातून उतरलेल्या धान्याच्या वखारी आणि हमाल, गुमास्ते व किरकोळ दुकानदार यांची बिऱ्हाडे एकमेकांना खेटून उभी होती, तेथे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका ज्वरपीडिताची गाठ पाहून ती प्लेगची असल्याचे निदान केले. आणि त्या निदानापासूनच या शहरातील दरिद्री वस्त्यांच्या सरकारी सुधारणेचा इतिहास सुरू होतो. शहरात नळाचे पाणी त्यापूर्वीच आले होते, गटारांच्या योजनाही निघाल्या होत्या; पण एखादी वस्ती समग्र हाती घेऊन तिचे रूप पालटावे, हे सरकारचे कर्तव्य मानणारा कायदा अस्तित्वात नव्हता. तो आला तो भयापोटी. काही महिन्यांत सव्वाआठ लाखांच्या या शहरातील जवळजवळ निम्मी माणसे गावाकडे निघून गेली, गिरण्या ओस पडू लागल्या, आणि व्यापाराची मुंबई हातची जाते की काय, या धास्तीने सरकारी अंमलदार आणि धनिक नागरिक एकाच मसलतीस बसले.

रहिवाशांना त्या मसलतीत बोलावणे नव्हते. घरांवर चुन्याचे हात फिरले, गटारांत समुद्राचे पाणी सोडण्यात आले, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरविण्यात आली, आणि जी घरे मनुष्यवस्तीस अयोग्य ठरली त्यांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगवून माणसांना बाहेर काढण्यात आले. रोग्याला घरातून उचलून नेण्याच्या पद्धतीने तर लोक इतके बिथरले, की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. या उद्रेकाला केवळ अज्ञान म्हणून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. ज्याच्या घराची, देहाची आणि मृताच्या संस्काराची व्यवस्था परक्या माणसाने त्याला एका शब्दानेही न विचारता हाती घेतली, त्याच्यापाशी प्रतिकाराव्यतिरिक्त बोलण्याचे दुसरे साधन उरले नव्हते. म्हणूनच पुढील सव्वाशे वर्षांच्या योजनांकडे पाहताना किती खोल्या बांधल्या, याबरोबरच प्रत्येक योजनेने रहिवाशापाशी काय मागितले, हेही तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

१८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने, ज्याला लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बी. आय. टी.’ म्हणत, रहिवाशापाशी काहीही मागितले नाही. मंडळावर सरकारी अधिकारी होते, नगरपालिकेचे, व्यापारी मंडळाचे, बंदर विश्वस्तांचे आणि गिरणीमालकांचे प्रतिनिधी होते. ज्या वस्त्या पाडावयाच्या त्यांतला माणूस मात्र नव्हता. पहिली योजना नागपाड्याची. त्यानंतर प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाटीच्या वस्त्यांमधून काढण्यात आले, जेणेकरून समुद्रावरचा वारा शहराच्या पोटापर्यंत पोहोचावा. वारा पोहोचला, पण ज्यांची घरे त्या रस्त्याखाली गेली ती माणसे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नसल्याने शेजारच्या आळ्यांत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. पहिल्या दोन दशकांत मंडळाने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या. दादर, माटुंगा व शीव येथील योजनांतून पुढे हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारख्या मोकळ्या हवेच्या सुंदर वसाहती उभ्या राहिल्या, ही या मंडळाची थोर कामगिरीच होय. परंतु त्या वसाहतींत जे राहावयास आले ते नागपाड्याचे विस्थापित नव्हते.

या मंडळाच्या एका गोष्टीबद्दल मात्र माझ्या मनात नि:संशय आदर आहे. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी प्रकाश आणि हवा यांचा प्रश्न भूमितीच्या काटेकोरपणाने मांडला. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा प्रकाश तळमजल्याच्या खोलीत क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन न करता यावा, म्हणजेच दोन इमारतींमधील मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि घरमालकांच्या विरोधाला तोंड देऊन त्यांनी तो व्याख्यानांतून व अहवालांतून लोकांपुढे ठेवला. गरिबाच्या खोलीलाही उजेडाचा हक्क आहे, असे म्हणणारा तो नियम होता. त्याची आठवण पुढे एका दु:खद प्रसंगी करावी लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये विकास खाते निर्माण केले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया जकात बसवून ५०,००० खोल्या बांधण्याची तजवीज केली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी झाल्या: तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामायिक. ‘बी. डी. डी.’ च्या या खोल्यांचे भाडे कामगाराला जड होते, वरळी तेव्हा गिरण्यांपासून व बाजारापासून आडबाजूला होती, आणि परिणामी हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. इतक्या, की सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून उपयोग केला. कामगाराला कोठे राहणे परवडते व सोयीचे पडते, हे त्याला विचारले असते तर हा प्रसंग बहुधा ओढवला नसता.

पण याच चाळींचा दुसरा इतिहास आहे, आणि तो सरकारी दप्तरात फारसा आढळत नाही. योजनेने ज्यांना विचारले नाही त्यांनी योजनेच्या भिंतींच्या आत स्वतःचे नगर वसविले. कोकणातील, घाटावरील एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावी, पाळीपाळीने झोपावे, ज्याची त्याची ट्रंक भिंतीशी असावी, महिन्याची वर्गणी ठरावी आणि त्याच खोलीत गावच्या शाळेची, देवळाची व पाण्याच्या विहिरीची चर्चा व्हावी, ही गावमंडळांची वहिवाट येथे रुजली. खानावळ चालविणाऱ्या बाया, भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव, आंबेडकर जयंतीच्या समित्या यांनी गॅलरी आणि पटांगण यांना असा अर्थ दिला, जो नकाशा काढणाऱ्या अभियंत्याच्या कल्पनेतही नव्हता. परळच्या सुधार मंडळाच्या चाळीत स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, हे स्मरले म्हणजे या खोल्यांतून केवढे मनुष्यबळ घडत होते, याची जाणीव होते. स्वयंशासनाची ही शाळा कोणत्याही शासनाने काढलेली नव्हती. पण पुढे लोकसहभाग म्हणून ज्याची चर्चा झाली, त्याची पाळेमुळे मला येथेच दिसतात.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर जुन्या चाळींच्या मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले, इमारती कोसळू लागल्या, आणि १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून साडेएकोणीस हजारांवर इमारतींच्या दुरुस्तीचा भार सरकारी मंडळाकडे आला. तो विषय स्वतंत्र प्रबंधाचा आहे. एव्हाना शहरात येणाऱ्या गरिबाला चाळीतली खोलीही दुर्लभ झाली होती आणि तो रेल्वेच्या कडेला, टेकडीच्या उतारावर, खाडीच्या भरावावर स्वतःचे छप्पर स्वतः उभारू लागला होता.

झोपडपट्टी पाडून टाकावी, हे धोरण दोन दशके चालले आणि निष्फळ ठरले, कारण पाडलेली झोपडी काही दिवसांत दुसरीकडे उभी राही. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याने प्रथमच असे मान्य केले, की आहे ती वस्ती आहे त्या जागी नळ, गटार, दिवे, पायवाटा आणि शौचालये देऊन सुधारता येते. ४ जानेवारी १९७६ रोजी एकाच दिवशी शहरभर झोपड्यांची गणना झाली. सुमारे २८ लाख माणसांची नोंद झाली, कुटुंबाचे छायाचित्र काढण्यात आले आणि फोटोपास देण्यात आले. ज्या माणसाला सरकारने तोवर अतिक्रमण या एकाच सदराखाली ओळखले होते, त्याच्या हाती त्याच्या वास्तव्याचा सरकारी दाखला आला. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जपणाऱ्या कुटुंबांना त्याचे मोल ठाऊक होते. मात्र त्याच वर्षी, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी, जी खुद्द नगरपालिकेनेच कधीकाळी तेथे वसविली होती, ती अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची म्हणून उठविण्यात आली आणि सुमारे ७०,००० माणसे चीता कँपात हलविण्यात आली. त्या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम यांनी पुढील चार दशके झोपडपट्टीवासीयांचे संघटन केले.

१९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांच्या आदेशाने पदपथावरील माणसांना बसगाड्यांत घालून शहराबाहेर नेण्यात आले, आणि त्यातून उद्भवलेल्या दाव्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दिला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे थोर तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. आणि तरीही, रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्यास त्याने मुभा दिली. पावसाळा संपेपर्यंतची मुदत तेवढी मिळाली. या मुदतीत भायखळ्याच्या परिसरात जे घडले ते मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील सुमारे ६,००० कुटुंबांची घरोघर, किंबहुना प्रत्येक ताडपत्रीखाली जाऊन, गणना केली आणि ही माणसे काल-परवा आलेली नसून अनेक जण दशकानुदशके तेथे राहतात, बहुसंख्य पायी चालत कामाला जातात व अतिशय कमी मजुरीवर शहराची आवश्यक कामे करतात, हे आकड्यांनिशी दाखविले. आजवर गणना करणे हा सरकारचा अधिकार होता; आता ती विद्या वस्तीच्या हाती आली. त्यातूनच पदपथावरील स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. या स्त्रियांनी रोजचे दोन-चार रुपये जमा करून बचत आरंभिली, आपल्याला घर कसे हवे याचा विचार केला, आणि छोट्याच जागेत पोटमाळा काढता यावा म्हणून खोलीची उंची १४ फूट असावी, असा ठाम अभिप्राय दिला. चार फुटांच्या ताडपत्रीखाली संसार करणाऱ्या स्त्रीइतके उंचीचे मोल कोण जाणणार!

याच सुमारास, १९८५ पासून १९९४ पर्यंत, जागतिक बँकेच्या कर्जाने मुंबई नागरी विकास प्रकल्प चालला, आणि त्याचा विसर पडला आहे याची मला खंत वाटते. त्याची दोन अंगे होती. एकात चारकोप, गोराई, मालवणी येथे लहान भूखंड आखून, रस्ते, पाणी व गटारे यांची सोय करून ते अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना देण्यात आले. सुमारे ३५ भूखंड एका सामायिक अंगणाभोवती, त्यांची एक सहकारी संस्था, आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावयाचे. आज चारकोपच्या त्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्याला अंगणात उभी केलेली स्कूटर, वाळत घातलेल्या कुरडया आणि एकावर एक चढत गेलेले मजले पाहून, ही एकेकाळी सरकारी योजना होती, असे सांगूनही पटणार नाही. दुसऱ्या अंगात अस्तित्वात असलेल्या झोपडपट्टीलाच संघटित करून, रहिवाशांच्या सहकारी संस्थेला जमीन ३० वर्षांच्या पट्ट्याने द्यावयाची आणि घरदुरुस्तीसाठी कर्ज द्यावयाचे, अशी योजना होती. उद्दिष्ट १ लाख कुटुंबांचे होते. त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही मजल गेली नाही. केंद्र सरकारच्या जमिनी योजनेबाहेर राहिल्या, मोजणी व भाडेपट्ट्याचे कागद कचेऱ्यांत रेंगाळले, आणि पट्टा मिळण्यापूर्वीच धोरण पालटले. पण या योजनेने रहिवाशापाशी त्याची मेहनत, त्याची वर्गणी आणि संस्था चालविण्याची जबाबदारी मागितली होती, व त्याच्या बदल्यात पायाखालची जमीन देऊ केली होती. इतकी प्रामाणिक देवघेव त्यापूर्वी झाली नव्हती, आणि त्यानंतरही क्वचितच झाली.

तिचाच एक अंश पुढे शौचालयांच्या कामात टिकला. १९९५ नंतर मुंबई महानगरपालिकेच्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात असा नियम होता, की वस्तीने आधी आपली संस्था नोंदवावी, प्रत्येक प्रौढ माणसामागे १०० रुपये जमवावेत, जागा व रचना यांवर चर्चा करावी, मग पालिकेने बांधून द्यावे आणि चालविण्याचा भार संस्थेने महिन्याच्या कौटुंबिक पासावर उचलावा. ठेकेदाराने बांधलेल्या, पाणी-दिवा नसलेल्या जुन्या शौचालयांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच हा पालट कळेल. तीनशेहून अधिक इमारती अशा रीतीने झाल्या. कित्येकींत मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती, वर राखणदाराची खोली होती, कोठे कोठे बालवाडी किंवा संस्थेची बैठक भरे. पुण्यातही आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत थोड्या वर्षांत अशी चारशेहून अधिक शौचालये बांधली गेली. काही संस्था पुढे एखाद्या स्थानिक पुढाऱ्याच्या मुठीत गेल्या, पासाचे दर वाढले, हिशेब दडले. हे दोष खरे आहेत. तरीही वीजबिल कोण भरते, टाकी कोण उपसते, हे जिथे वस्तीतल्या स्त्रीला माहीत असते, तिथे ती जाब विचारू शकते. या एका गोष्टीने मोठे अंतर पडते.

१९९५ साली युतीचे सरकार ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याच्या आश्वासनासह आले, दिनेश अफझुलपूरकर समितीने आराखडा दिला आणि वर्षअखेर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अस्तित्वात आले. मोफत २२५ चौरस फुटांचे घर, जे पुढे २६९ आणि नंतर ३०० फुटांवर गेले. त्याचा खर्च विकासकाने वाढीव बांधकाम खुल्या बाजारात विकून काढावा. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेला पात्र, नंतरचा अपात्र. आणि योजना पुढे जाण्यास पात्र रहिवाशांपैकी ७० टक्क्यांची संमती. पाच वर्षांत ८ लाख घरांचा संकल्प होता. पाव शतकानंतर त्याचा तिसरा हिस्साही पुरा झालेला नव्हता.

ज्या कुटुंबाने तीन पिढ्या पत्र्याखाली काढल्या, त्याला स्वतःच्या दाराचे, स्वतःच्या नळाचे आणि पती-पत्नी दोघांच्या नावाचे पक्के घर मिळाले, याचे मोल कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही. तरुण मुलीला पहाटेच्या अंधारात रुळांकडे जावे लागत नाही, एवढ्या एका कारणासाठीही या योजनेला दुवा देणारी घरे आहेत. पण रहिवाशापाशी जे मागावयाचे ते या योजनेत एका सहीपर्यंत आकसले. सर्वसाधारण सभा भरावी, कमिटीने विकासकाची निवड करावी, पात्रतेच्या यादीत, म्हणजे परिशिष्ट-२ मध्ये, नाव लागावे, करारनाम्यावर सही व्हावी, की त्याचे काम संपले. इमारतींत अंतर किती, जिना कोठे, घरात चालणारा शिवणाचा, पापडाचा, भांड्यांचा व्यवसाय सातव्या मजल्यावर कसा चालेल, यांवर त्याला बोलण्याची जागा उरली नाही. संमतीला किंमत आली म्हणताच ती मिळविण्याचे मार्गही निघाले. एकाच वस्तीत दोन विकासक, दोन कमिट्या, जुन्या शेजाऱ्यांत वर्षानुवर्षांचे कज्जे, आणि तोवर अर्धी माणसे संक्रमण शिबिरात, हा अनुभव मुंबईच्या प्रत्येक प्रभागात सांगणारे भेटतात. पुढे संमतीची अटही ५१ टक्क्यांवर आणण्यात आली.

आणि उजेडाचे काय झाले? रेल्वे व रस्ते प्रकल्पांतील विस्थापितांना मानखुर्द-गोवंडीकडे नटवर पारेख कंपाऊंड, लल्लूभाई कंपाऊंड यांसारख्या वसाहतींत हलविण्यात आले. रुळांकाठच्या वस्त्यांची गणना त्या वस्त्यांतील संघटनांनी स्वतः केली होती, हजारो कुटुंबे पोलिसी बळाशिवाय हलली होती, आणि तेवढ्यापुरता तो लोकसहभागाचा एक उत्तम नमुना होता. परंतु इमारतींचा नकाशा त्यांच्या हाती नव्हता. सात-आठ मजली इमारतींत काही ठिकाणी जेमतेम ३ मीटरचे अंतर राहिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या वसाहतींतील खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन व वारा पोहोचत नाही, तेथे क्षयरोगाचे प्रमाण वरच्या मजल्यांपेक्षा अधिक आढळले. ऑर यांच्या नियमाने त्याच उंचीला सुमारे १२ मीटरची मोकळी जागा मागितली असती. प्लेगच्या भीतीने जे शिकलो ते आपण इतक्या सहजपणे सोडून दिले, हे लिहिताना मन विषण्ण होते. त्या तळमजल्यावरच्या आईला आराखडा मंजूर होण्यापूर्वी विचारले असते, तर तिला साडेत्रेसष्ट अंशांची भूमिती सांगता आली नसती. पण खिडकीतून समोरच्या भिंतीला हात लागेल, एवढे तिने खात्रीने सांगितले असते.

आता धारावीचा प्रश्न उभा आहे. १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी जाहीर केलेल्या १०० कोटींपैकी मोठा हिस्सा तिच्या वाट्यास आला. २००४ मध्ये संपूर्ण पुनर्विकासाची कल्पना निघाली. अनेक निविदा फिसकटल्या आणि २०२२ च्या निविदेनंतर काम नव्या विकासकाकडे गेले. पुन्हा सर्वेक्षण सुरू झाले, दारांवर क्रमांक पडले. कुंभारवाड्याची भट्टी, कातड्याचे कारखाने, शिवणकामाच्या खोल्या येथे घर आणि धंदा एकाच छपराखाली आहेत, आणि त्यातही खाली मालक व वर माळ्यावर भाडेकरू अशी राहणी सर्रास आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्याच्या रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे मोफत घर मिळावयाचे आहे. वरच्या माळ्यावर राहणाऱ्याला, तो तीस वर्षे तेथे असला तरी, धारावीबाहेर भाडेखरेदीने घर देण्याची तरतूद आहे, आणि त्या माळ्यांवरील शेकडो सुईकाम करणारे कारागीर आपले नाव कोणत्या यादीत लागते, याची विचारणा करीत सर्वेक्षणाच्या कचेरीत खेटे घालीत आहेत.